तव्यावरची नावे : अमेरिकी पॅनकेक आणि बोलींचे नकाशे

पंधराएक वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी 'एक पदार्थ, अनेक नावे' असे टिपण लिहिले होते. घावन, आंबोळी, धिरडे, पोळे, खापरोळी हे शब्द एका ओळीत मांडून कोणता कोणत्या तालुक्यात ऐकू येतो, याची यादी दिली होती. टिपण बऱ्यापैकी वाखाणले गेले. देवगडकडून एक पोस्टकार्ड मात्र वेगळे आले. अक्षर वयस्कर बाईचे असावे. मजकूर एवढाच : 'घावनाला आंबोळी म्हणणाऱ्याने दोन्हींपैकी एकही कधी घातलेले नसते.' खाली सही नव्हती, पत्ता नव्हता.

ते कार्ड मी जपून ठेवले, पण चूक मान्य करायला पुढे सहा-सात वर्षे गेली. ती मान्य करायला लावली अमेरिकेतल्या एका न्याहारीच्या पदार्थाने, आणि त्याच्या नावांवर लिहिलेल्या दोन मोठ्या ग्रंथांनी. हा लेख त्या पदार्थाबद्दल आणि त्या ग्रंथांबद्दल आहे. मी भाषाशास्त्र शिकलेलो नाही. एका पतसंस्थेत हिशेब लिहून पोट भरले आणि उरलेल्या वेळात शब्दांच्या चिठ्ठ्या जमवल्या. तेव्हा पुढची मते एका चिठ्ठीबहाद्दराची आहेत, असे धरून चालावे.

पदार्थ म्हणजे पॅनकेक. अमेरिकी चित्रपटांत डायनर नावाचे लांबट खानावळघर दिसते, त्यात सकाळी बशीत एकावर एक रचलेली, वर लोणी आणि मेपलचा पाक घातलेली जाडसर धिरडी येतात, तोच. (धिरडी म्हटले खरे, ते देवगडच्या कार्डाने चालवून घेतले नसते.) या पदार्थाला तिथे फ्लॅपजॅक, हॉटकेक, ग्रिडलकेक, स्लॅपजॅक, फ्लॅनेलकेक, बॅटरकेक, जॉनीकेक, होकेक अशी नावे आहेत, असे लोकप्रिय पुस्तके आणि पर्यटनाच्या पुस्तिका हौसेने सांगतात. मराठी वर्तमानपत्रांतही 'हॉट केकसारखी विक्री' छापून येते. आपल्या वाचकांपैकी निम्म्यांना तो बेकरीतला केक वाटत असावा. तो तव्यावरचा आहे.

२०१६ साली भाच्याकडे ऱ्होड आयलंड राज्यात दोन महिने राहिलो. ते अमेरिकेतले सर्वांत लहान राज्य, राजधानी प्रॉव्हिडन्स. या विषयात शिरायला याहून योग्य गाव सापडले नसते, हे मला तिथे गेल्यावर कळले. १८७२ साली वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने (कादंबरीकार नव्हे) याच गावात रात्रपाळीच्या कामगारांसाठी घोड्याच्या गाडीतून खाणे विकायला सुरुवात केली. डायनरचा इतिहास लिहिणारे तिथूनच सुरुवात करतात. शेजारच्या पॉटकेटमध्ये असलेले 'मॉडर्न डायनर' हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसायादीत गेलेले पहिले डायनर. आणि अमेरिकी बोलींचा पहिला मोठा नकाशासंग्रह, न्यू इंग्लंडचा भाषिक ॲटलास, १९३९ ते १९४३ या काळात छापला गेला तो याच गावातल्या ब्राउन विद्यापीठातर्फे. त्याचा संपादक हान्स कुराथ, जन्माने ऑस्ट्रियन.

भाच्याने पहिल्याच रविवारी डायनरला नेले. खाद्ययादीत एका ओळीत पॅनकेक होते आणि त्याखाली, स्वतंत्र ओळीत, वेगळ्या किमतीला जॉनीकेक. माझ्या माहितीप्रमाणे हे समानार्थी शब्द. मग एकाच यादीत दोनदा कशाला? मी दोन्ही मागवले. पॅनकेक गव्हाच्या मैद्याचा, फुगलेला, गोडसर. जॉनीकेक मक्याचा, खरबरीत, कडेला कुरकुरीत, मिठाची चव पुढे. माझ्यासारख्या कोकणी माणसाला सांगायची गरज नव्हती. बशीत घावन आणि आंबोळीच समोरासमोर ठेवल्यासारखे झाले. देवगडचे कार्ड आठवले.

नंतर चौकशी केली तेव्हा प्रकरण आणखी खोल निघाले. ऱ्होड आयलंडचे लोक या शब्दातला 'एच' गाळून लिहितात आणि त्याबद्दल हट्टी आहेत. पीठ हवे ते पांढऱ्या 'फ्लिंट' जातीच्या, गारगोटीसारख्या टणक दाण्याच्या मक्याचे, दगडी जात्यावर दळलेले. हे बियाणे मूळचे तिथल्या आदिवासींचे, त्यात नॅरागॅन्सेट हे प्रमुख. खाडीच्या पश्चिमेकडे, साउथ काउंटीत, पिठावर उकळते पाणी ओतून जाड जॉनीकेक करतात. पलीकडे न्यूपोर्टच्या बाजूला थंड दुधात पीठ कालवून पातळ, जाळीदार. मधे फक्त खाडी. दोन्हीकडचे लोक दुसऱ्याच्या जॉनीकेकला जॉनीकेक म्हणायला राजी नसतात. म्हणजे एकाच नावाखाली दोन पदार्थ! माझ्या टिपणाच्या शीर्षकाची ही उलटी बाजू झाली.

कुराथचा 'अ वर्ड जिऑग्रफी ऑफ द ईस्टर्न युनायटेड स्टेट्स' हा ग्रंथ १९४९चा. मी तो तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून वाचला, आणि वाचताना पहिल्यांदा जाणवले ते कौतुकच. त्याआधी अमेरिकी बोलींचे 'उत्तरेची' आणि 'दक्षिणेची' असे दोनच ढोबळ भाग करत. कुराथने शेतावरचे, घरातले, चुलीवरचे शब्द घेऊन नकाशावर रेषा काढल्या आणि दाखवले की मधे एक तिसरा पट्टा आहे, पेनसिल्वेनियातून निघून ॲपलाचियन डोंगररांगांच्या कडेने खाली उतरणारा. शब्दांच्या रेषा राज्यांच्या सीमा पाळत नाहीत; वसाहती करणारे लोक ज्या वाटांनी सरकले त्या वाटा पाळतात. न्यू इंग्लंडच्या बाजूला ग्रिडलकेक, पेनसिल्वेनिया आणि डोंगरांच्या पट्ट्यात फ्लॅनेलकेक, दक्षिणेत बॅटरकेक अशी पॅनकेकच्या नावांची ठेवण या चौकटीत नीट बसते. नावे चालती असतात हेही खरे. हॉलिवूडमधल्या १९१९ सालच्या 'मुसो अँड फ्रँक' या जुन्या उपाहारगृहात फ्लॅनेलकेक मिळत, आणि ते पेनसिल्वेनियापासून अख्खे खंड ओलांडून पलीकडे आहे.

कुराथबद्दल एक गोष्ट मुद्दाम नोंदवायला हवी. गव्हाचे आणि मक्याचे त्याने एकत्र केलेले नाही. मक्याच्या भाकरीची नावे वेगळी विचारली, पॅनकेकची वेगळी. गोंधळ केला तो त्याच्या नंतरच्या यादीवाल्यांनी. दोन नकाशे एकावर एक ठेवले आणि 'एका पॅनकेकची बारा नावे' तयार! मीही त्यांतलाच, फक्त माझा तवा बिडाचा.

गहू आणि मका यांच्यातली ही रेघ साधी नाही. अमेरिकी व्यक्तीने लिहिलेले आणि अमेरिकेत छापले गेलेले पहिले पाकपुस्तक १७९६ साली हार्टफर्डला निघाले, अमेलिया सिमन्सचे 'अमेरिकन कुकरी'. त्यात 'जॉनीकेक किंवा होकेक' आहे, 'इंडियन स्लॅपजॅक' आहे. हा 'इंडियन' आपण नव्हे. तेव्हा मक्याच्या पिठालाच इंडियन पीठ म्हणत, कारण ते धान्य आणि ते वापरायची रीत गोऱ्यांनी स्थानिक आदिवासींकडून घेतली. त्यातला 'फेडरल पॅनकेक' तर राय आणि मका मिसळून केलेला. नव्या प्रजासत्ताकाचे नाव लावायला धान्यही मिश्र निवडलेले. सिमन्सबाईंनी मुखपृष्ठावर स्वतःची ओळख 'एक अमेरिकी अनाथ' एवढीच दिली आहे. छपाईयोग्य लिहिण्याइतके शिक्षण नसल्याने त्यांनी लेखनिक ठेवला, आणि त्याने मनाने फेरफार केल्याची तक्रार त्यांना पुढे छापावी लागली. तव्यावरचा हात एकाचा आणि कागदावरचा दुसऱ्याचा, हा त्रास तेव्हापासूनचा आहे.

पुढे गहू स्वस्त झाला, पीठ फुगवायला बेकिंग पावडर आली, आणि मक्याची नावे एक तर दक्षिणेत राहिली किंवा ऱ्होड आयलंडसारख्या कोपऱ्यांत. शहराच्या तोंडी गव्हाचीच नावे उरली. म्हणून नकाशावर 'प्रादेशिक' दिसणारा फरक पुष्कळदा धान्याचा असतो, आणि धान्याचा फरक पुष्कळदा ऐपतीचा.

होकेक हे त्याचे ठळक उदाहरण. इंग्रजीत 'हो' म्हणजे फावड्यासारखे शेतीचे अवजार. शेतावर राबणारे गुलाम अवजाराच्या पात्यावर मक्याचे पीठ थापून आगीवर भाजत, म्हणून होकेक, अशी व्युत्पत्ती सर्वत्र सांगतात. अलीकडे काही अभ्यासकांनी दाखवले आहे की इंग्लंडच्या काही भागांत सपाट तव्यालाच 'हो' म्हणत. शब्द तिथून आला असावा. मला दुसरे मत जास्त पटते. आपल्याकडे तवसोळीचा तव्याशी संबंध जोडणारे भेटतात, प्रत्यक्षात ती तवशाची, म्हणजे काकडीची. ऐकायला जुळते ते मुळात जुळतेच असे नाही. जॉनीकेकचेही तसेच. कोणी तो प्रवासात न्यायचा 'जर्नीकेक' म्हणतात, कोणी शॉनी जमातीचा 'शॉनीकेक'. कथा दोन्ही गोड, पुरावा एकीचाही पक्का नाही.

पण व्युत्पत्ती तव्याची ठरली म्हणून गुलामांचे हात होकेकपासून वेगळे होत नाहीत. जॉर्ज वॉशिंग्टन यांना सकाळी लोणी-मधात बुडालेले होकेक लागत, हे घरातल्यांनीच लिहून ठेवले आहे. माउंट व्हर्ननच्या त्या स्वयंपाकघरात राबणारी माणसे गुलाम होती. त्यांतला प्रमुख आचारी हर्क्युलिस फेब्रुवारी १७९७मध्ये पळून गेला. खाणाऱ्याची आवड इतिहासात शिल्लक राहिली. करणाऱ्यांपैकी कोणी त्या पदार्थाला काय म्हणत होते, ते कोणी विचारले नाही.

कुराथच्या ग्रंथावरचा माझा मुख्य आक्षेप इथे आहे. त्याच्या पद्धतीत निवेदकांचे तीन प्रकार होते : फारसे न शिकलेले वृद्ध, मध्यम शिकलेले आणि सुसंस्कृत म्हणवणारे. वय आणि शिक्षण यांचा विचार इतका बारकाईने केलेला. कृष्णवर्णीय निवेदक मात्र मूठभर. दक्षिणेच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्पिढ्या तव्यापुढे कोण उभे होते, हे ठाऊक असताना दक्षिणेच्या पदार्थनावांचा नकाशा मुख्यतः गोऱ्यांना विचारून काढला गेला. जेवणाऱ्याला विचारले, वाढणारीला नाही. नकाशावरचा प्रत्येक ठिपका खरा आहे, तरी नकाशा अर्धा आहे.

आणि हे त्या काळात सुचण्यासारखे नव्हते, असेही म्हणता येत नाही. लॉरेन्झो डाउ टर्नर हे कृष्णवर्णीय भाषाभ्यासक कुराथच्याच ॲटलासच्या प्रश्नावल्या घेऊन दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या बेटांत १९३०च्या दशकात हिंडत होते. तिथले गल्ला बोलणारे लोक 'बिघडलेली इंग्रजी' बोलतात, असे विद्वान म्हणत. टर्नरनी त्या बोलीत पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांचे हजारो शब्द आणि नावे शोधून दाखवली. त्यांचे 'आफ्रिकनिझम्स इन द गल्ला डायलेक्ट' हे पुस्तक निघाले १९४९मध्ये, कुराथचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी. ही दोन पुस्तके मी एकाच टेबलावर एकापाठोपाठ वाचली. एकाच कामाच्या दोन हातांनी एकमेकांना स्पर्श करू नये, असे वाटत राहिले.

दुसरा ग्रंथ म्हणजे 'डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश', ज्याला त्याच्या आद्याक्षरांवरून 'डेअर' म्हणतात. याचा संपादक फ्रेडरिक कॅसिडी जमैकात जन्मलेला. लहानपण तिथल्या क्रिओल बोलीत गेलेले. जमैकात जॉनीकेक म्हणजे गव्हाच्या पिठाचा तळलेला गोळा. ज्याने लहानपणी हे नाव एका पदार्थाला ऐकले आणि मोठेपणी दुसऱ्याच पदार्थाला, त्याला 'समानार्थी' हा शब्द वापरताना हात थोडा आखडावा लागला असेल, असे मला वाटते. १९६५ ते १९७० या काळात त्याचे क्षेत्रकार्यकर्ते मोटारगाड्यांतून १,००२ गावांत गेले आणि २,७७७ माणसांना दीड हजारांहून अधिक प्रश्नांची वही घेऊन विचारत बसले. नुसत्या आकड्यांनीच आपल्यासारख्याला धाप लागते.

डेअरने कुराथची चूक बरीच दुरुस्त केली. निवेदकाचे वय, शिक्षण, लिंग आणि वंश नोंदवला, आणि एखादा शब्द कृष्णवर्णीयांत अधिक ऐकू येत असेल तर नोंदीत तसे स्पष्ट लिहिले. नकाशेही जमिनीच्या क्षेत्रफळाप्रमाणे न काढता लोकसंख्येच्या प्रमाणात ताणले; पहिल्यांदा पाहताना अमेरिका कोणीतरी पिळून वाळत घातल्यासारखी दिसते. पण त्यामुळे माळरानावरचा एकटा शेतकरी आणि गजबजलेले शहर यांना आपापली जागा मिळते.

तरी माझी तक्रार आहे, आणि ती कोशाच्या वर्णानुक्रमाबद्दल आहे. बॅटरकेक पहिल्या खंडात, १९८५. फ्लॅनेलकेक, फ्लॅपजॅक, ग्रिडलकेक, होकेक, हॉटकेक दुसऱ्यात, १९९१. जॉनीकेक तिसऱ्यात, १९९६. पॅनकेक चौथ्यात, २००२. आणि स्लॅपजॅक पाचव्यात, २०१२. एकाच तव्यावरची भावंडे सत्तावीस वर्षांत पाच घरी वाटली गेली. कॅसिडी २००० साली गेला. त्याच्या थडग्यावर 'झेडपर्यंत चला' असे कोरले आहे. पॅनकेकची नोंद छापलेली त्याने पाहिली नाही. २०१३च्या सहाव्या खंडात प्रश्नवार उत्तरे एकत्र दिली आहेत हे खरे, पण तिथे पुन्हा शब्दांच्या याद्याच आहेत. पीठ कसले, फुगवले का, तवा कोणता, सणाला की रोज, हे चार प्रश्न सोबत विचारले असते, तर पर्याय कोणते आणि वेगळे पदार्थ कोणते, हे नोंद वाचताच कळले असते.

कोशाने न सांगितलेले एक नाव उरते. विसाव्या शतकात अमेरिकेच्या सगळ्या प्रदेशांत पॅनकेकबरोबर जे नाव घेतले गेले ते कुठल्याच बोलीतले नव्हते. मिझुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावी १८८९ साली एका गिरणीने पॅनकेकचे तयार पीठ काढले आणि त्याला नाव दिले 'आंट जेमायमा'. हे नाव आले मिन्स्ट्रल खेळातल्या एका गाण्यावरून. या खेळांत गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्यांची नक्कल करत. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात या पिठाच्या जाहिरातीसाठी नॅन्सी ग्रीन यांना तव्यापुढे उभे केले. १८३४ साली केंटकीत गुलामीत जन्मलेली बाई. लोक तिला आंट जेमायमा समजत राहिले. १९२३ साली शिकागोत मोटारीच्या धडकेने ती गेली, आणि तिच्या थडग्यावर तिचे नाव असलेला दगड लागायला २०२० साल उजाडले. त्याच वर्षी कंपनीने ते नाव सोडायचे जाहीर केले.

'आंट'चे मराठी काय करावे? त्या काळी दक्षिणेतले गोरे वयस्कर काळ्या बाईला 'मिसेस' म्हणायचे टाळण्यासाठी 'आंट' म्हणत. काकू, आत्या, मामी यांतले काही बसत नाही. मी वहीत अनुवाद केला तो 'जेमायमा मावशी'. आणि लिहून झाल्यावर लक्षात आले, की आपल्याही घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना आपण मावशीच म्हणतो, आणि त्यांचे आडनाव विचारले तर निम्म्या घरांत ते सांगता येणार नाही. माझ्या घरी तरी आले नसते. शब्द नेमका बसला, म्हणूनच टोचला.

परत येण्याआधीच्या रविवारी पुन्हा त्याच डायनरला गेलो. वाढणाऱ्या मुलीने आत ओरडून 'शॉर्ट स्टॅक' सांगितले, म्हणजे पॅनकेकची छोटी चळत. तव्यापुढचा माणूस ग्वाटेमालाचा होता. गर्दी ओसरल्यावर भाच्याच्या मोडक्या स्पॅनिशमधून मी त्याला विचारले, तुम्ही याला काय म्हणता? 'पान्केकेस,' तो म्हणाला. मग जॉनीकेकच्या तव्याकडे उलथणे दाखवून हसला आणि म्हणाला, हे मक्याचे, याला तुम्ही लोक केक का म्हणता?

घरी येऊन खोका उघडला. घावन, आंबोळी, धिरडे, पोळे, खापरोळी एका टाचणीत लावले होते. ती टाचणी काढली. प्रत्येक चिठ्ठीवर चार ओळी नव्या आखल्या : पीठ, तवा, केव्हा, आणि कोणी सांगितले. शेवटची ओळ बहुतेक चिठ्ठ्यांवर कोरी राहिली, कारण तेव्हा मी शब्द लिहून घेतला होता, सांगणारीचे नाव नाही. आंबोळीच्या चिठ्ठीवर तेवढे लिहिता आले : देवगड, पोस्टकार्ड, सही नाही.